पहिल्या बाटलीतलं पाणी

खैरून, आधी कबुली देते, मग रडते. उलटं केलं तर रडण्याच्या भरात कबुली राहून जाईल, आणि ती आधीच पस्तीस वर्षं राहिलीय.

तुझ्या रोह्याच्या कॉलेजातले लोक तुझ्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतायत. मला म्हणाले, "सुमनताई, तुम्ही मॅडमच्या जुन्या मैत्रीण, दोन पानं द्या." तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे दुसरं कुणीतरी लिहितंय. खारेपाटातल्या तळ्यांचं पाणी तू कसं तपासलंस त्यावर प्राचार्य लिहिणार आहेत, म्हणजे ते पान उन्हाळ्यात पंख्याखाली वाचायचं, झोप छान लागेल. माझ्या वाट्याला तू उरलीस. आणि ती बाटली.

तो वैशाख आठव. तू आमच्या गावात एसटीतून उतरलीस तेव्हा एका खांद्याला पर्स आणि दुसऱ्या हातात लाकडी खोका. खोक्यात काचेच्या बाटल्या खणखणत होत्या. कॉलेजात नवीन लागलेली, रोह्याची, अंगात फिकट निळी साडी. पोरांना वाटलं बांगड्यावाली आली. सरपंच तुझ्याशी दोन मिनिटं बोलले आणि आमच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "बाटली त्या सुनंकरं द्या. दहावी पास हाय."

ती दहावी पास सून म्हणजे मी. तिच्याविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण इतकी आगाऊ मुलगी मी नंतर दुसरी पाहिली नाही. माहेर निडीचं. नागोठणं आणि रोहा यांच्यामधलं स्टेशन, गाडी थांबते न थांबते, पण आमच्या विहिरीचं पाणी असं की डाळ एका उकळीत शिजते. आणि सासर पेणच्या खारेपाटात. तीन बाजूंना खाडी, मधोमध एक तळं. पावसाचं साठलेलं तेच पाणी वर्षभर प्यायचं. वैशाख उजाडला की तळाशी जे उरायचं ते गढूळ आणि मचूळ. त्यात डाळ दोन तास शिजवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नसे.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या पोरी माहेराहून लाडू आणतात, पापड आणतात. ही महाराणी दहा लिटरचा कॅन आणायची. निडीला गाडीत चढायचं, पेणला उतरायचं, तिथून एसटी. कंडक्टर विचारायचा, "काय वयनी, रॉकेल काय?" ही मान ताठ करून सांगायची, "पाणी आहे. निडीचं." घरी आल्यावर ते पाणी वेगळ्या मडक्यात ओतायचं, वर पितळी झाकण. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. ते पाहुण्यांचं.

तू मला बाटली दिलीस, तिच्यावर चिकटपट्टी लावून गावाचं नाव लिहिलंस आणि शाळेत सांगतात तसं सांगितलंस. "तळ्यावर जायचं. तळ्याच्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची. मग काठोकाठ भरायची, बूच घट्ट लावायचं. मी पुढची दोन गावं करते आणि चारच्या गाडीनं परत येते." मी मान डोलावली. सगळं समजलं होतं गो. ऐकण्यात काही चूक झाली असं आता म्हणायची सोय नाही.

तळ्यावर गेलेही. पायरीवर उभी राहिले. खालचं पाणी चहाच्या रंगाचं, पलीकडच्या काठाला एक म्हैस बसलेली, ती माझ्याकडे बघतेय. माझ्या मनात आलं, रोह्याहून बाई आलीय, उन्हातान्हात फिरतेय, आणि तिच्या हातात हे द्यायचं? तुला ते तपासायचं होतं, पण माझ्या हाताला ते कळेना. आपल्याकडे बाईमाणूस दारात येऊन पाणी मागतं तेव्हा आपण घरातलं चांगल्यातलं चांगलं पाणी देतो. घरातलं वाईट पाणी कुणी ताटात मांडून दाखवत नाही. सासूबाई ओट्यावरून ओरडल्याच, "काय गो, पावनीला तल्याचा पानी देशील? नाक कापशील आमचा!"

मी घरात आले आणि पितळी झाकण उचललं.

तू सांगितलं होतंस तसं तीनदा विसळलं. त्यात कसूर नाही. दर विसळण्याला थोडं थोडं माहेर मोरीत जात होतं आणि जीव तुटत होता. मग काठोकाठ भरली, बूच लावलं.

चारच्या गाडीनं तू आलीस, बाटली उजेडात धरलीस. "या अल्ला! वैशाखात इतकं नितळ?"

"आमचं तळं तसं चांगलंच आहे हो बाई," मी म्हटलं. दोन वर्षं ज्या तळ्याला नावं ठेवली त्याला त्या एका वाक्यात मी दत्तक घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगते. तुझी परीक्षा साधी होती. काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात पिवळं औषध टाकायचं, मग ड्रॉपरनं दुसऱ्या औषधाचे थेंब मोजत सोडायचे. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. थेंब जितके जास्त, तितकं पाण्यात मीठ जास्त. वीसच्या आत आलं तर पाणी प्यायला चालेल, असा आम्हा बायकांना समजेल असा ढोबळ नियम तू करून दिला होतास. शेजारच्या गावांच्या पाण्याला चाळीस लागले, पन्नास लागले. आमच्या बाटलीला तीन.

खारेपाटात तीन! तू तिसऱ्या थेंबाला ड्रॉपर खाली ठेवलास आणि पुन्हा पहिल्यापासून केलंस, हे तूच मला नंतर सांगितलंस. पुन्हा तीन. सरपंचांनी वेशीवर पाटी लावली, "गोड्या तळ्याचं गाव". आणि टँकर आले ते शेजारच्या गावांना आले. गोड्या तळ्याच्या गावाला टँकर कशाला? माझी धाकटी जाऊ बेबी कमरेवर हंडा घेऊन शेजारच्या गावाच्या टँकरमागे धावायची आणि परत येताना त्या पाटीवर थुंकायची. मी काय करायची? दारात उभी राहून तिचा हंडा उतरवून घ्यायची. माझं प्रायश्चित्त एवढंच.

पुढच्या वैशाखात तू स्वतः तळ्यात उतरलीस. साडी खोचून, गुडघाभर चिखलात. पायरीवर पेला ठेवून थेंब मोजायला लागलीस. वीस झाले, तीस झाले, तुझा आवाज बारीक होत गेला. बावन्न. तू मटकन खाली बसलीस.

"सुमन, एका वर्षात खाडी आत आली गो. कायतरी फुटलंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तू उठून तरातरा खाडीच्या बांधाकडे चालायला लागलीस, मी मागोमाग, आणि खरोखरच फुटलेलं निघालं! पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधात झडपेची उघाडी असते ना, तिची फळी खालून कुजली होती. उधाण आलं की खाडी तिथून आत यायची आणि सरळ तळ्याच्या अंगाला पाझरायची. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कोण जाणे किती वर्षं. गावात कुणाला तिकडे वाकून बघावंसं वाटलं नव्हतं. तुला वाटलं, कारण तुझ्या वहीत तीनाचे बावन्न झाले होते. माझ्या खोट्या बाटलीनं खरं भोक दाखवलं. मग मी स्वतःशी म्हटलं, चला, देवाचीच इच्छा. आगाऊ माणसाला देव फार उपयोगी पडतो.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची. तू बायका गोळा केल्यास. पुरुष नाक्यावर बसून हसायचे, "खाडी अडवायला निंगाल्या!" बेबी त्यांना म्हणायची, "तुमी बसा. तुमाला उठवायला पन उधान लागंल." उघाडीला नवी फळी बसवली. बांधावर एका हातातून दुसऱ्या हातात चिखलाचे गोळे गेले. तळ्यातला गाळ काढला, म्हशींना वेगळी डबकी दिली, धुण्याचे दगड काठावरून उचलून लांब नेले. त्या दगडांवरून तर तुझ्यामाझ्यात आठवडाभर अबोला होता. मी म्हटलं होतं, दगड हलवलेस तर बायका बोलणार कुठे? तू म्हणालीस, "बोला की, पण साबन न लावता बोला."

तुझे मिस्टर धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. ते मला म्हणायचे, "वयनी, ही घरात कालवणात मीठ टाकायला इसरते आनि गावोगाव मीठ मोजत फिरते." तू त्यांच्यापुढे ड्रॉपर धरायचीस. "आना तुमचा कालवन, मोजून देते."

दर वैशाखात अमावस्येचं उधाण ओसरलं की तुझी तपासणी. आमच्या गावाचा तो सणच. आणि त्या सणाचा खेळ, माझी जीभ विरुद्ध तुझे थेंब. मी आधी ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचं, आकडा सांगायचा, मग तू मोजायचीस. तुझा रोजा असला की चाखायचं काम आपोआप माझं, आणि तू लांबून ओरडायचीस, "गिळू नको, थुंक!" कधी मी दोन थेंबांनी चुकायची, कधी चारांनी. तुझं ठरलेलं वाक्य, "जीभ खोटं बोलते सुमे, थेंब बोलत नाय." मी हसायची. माझ्या मनात दर वेळी यायचं, थेंब बोलत नाही, पण बाटली भरणारी बोलते.

बावन्नाचे सत्तेचाळीस झाले, चाळीस झाले. एका वर्षी बांध गेला आणि पुन्हा पन्नासला पोचलो, तेव्हा तू पायरीवर बसून रडलीस आणि बेबीनं तुला शिव्या देऊन उठवलं. मग एकतीस. मग चोवीस. ज्या वर्षी पहिल्यांदा वीसच्या आत आलो, त्या संध्याकाळी बेबीनं तळ्याच्या पाण्यात डाळ शिजवली आणि वाटी घेऊन घरोघर फिरली, "बगा, मऊ!"

पण तू वाटी हातात घेऊन म्हणालीस, "छान झालं. आता तीनवर जायचं."

तीनवर जायचं. तुझा हा मंत्र मला वर्षातून एकदा काट्यासारखा टोचायचा. तुझ्या कॉलेजच्या भिंतीवरच्या तक्त्यात पहिला आकडा तीन, आणि त्यापुढे आमची सगळी मेहनत, एकवीस, एकोणीस, अठरा. निडीची विहीर गाठायला खारेपाटातलं तळं पळत होतं आणि तू त्याला दम देत होतीस.

मग या थंडीत तू दवाखान्यात गेलीस. मी पेणहून आले. ठरवून आले होते, आज सांगायचंच. तुझा हात पिसासारखा झाला होता. तू म्हणालीस, "सगळं झालं गो सुमे. पोरं मार्गाला लागली, मक्केला जाऊन आले. तुमच्या तळ्याचं ते पहिलं पानी तेवढं परत आनता आलं नाय. कुठं चुकलं कोन जाने."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुझी लेक शबाना पेज घेऊन आली. आणि पस्तीस वर्षं बडबड करणारी ही बाई काय म्हणाली? म्हणाली, "गरम आहे तोवर पी."

तू प्यालीस. आठ दिवसांनी गेलीस. कुठं चुकलं ते शोधत गेलीस, आणि चूक तुझ्या उशाशी बसून चमचा धरत होती. खैरून, एवढं एकच मला हसून लिहिता येत नाही.

पण पुढचं ऐक, पुढचं तुला आवडेल.

आता गावात नळ आलाय, दिवसाआड का होईना. आणि उपसरपंच नितीनच्या डोक्यात आलं की तळं बुजवायचं आणि तिथे गणपतीच्या मूर्ती ठेवायला मोठी शेड घालायची. पोराचं अगदीच चूक नाही. जोह्यात आहेत तसे मूर्तींचे कारखाने आपल्याकडेही उभे राहिले तर तरण्यांना गावातच काम मिळेल. पण नळ गेला की प्यायचं काय, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याकडे तुझा तक्ता होता. मेच्या पहिल्या तारखेच्या ग्रामसभेत त्यानं तो मोबाइलवरून प्रोजेक्टर लावून भिंतीवर पाडला.

"बघा. मॅडमचाच आकडा हाय. पयला तीन होता. बायकांनी इतकी वरसा राबून आता अठरा. सहापट खारट! तला मेलाय. मेलेल्याला किती वरसा राखनार?"

"आरं, बावन्न होता, त्याचा अठरा केला आमी!" बेबी ओरडली.

"पन पयल्याला पोचलात काय? नाय ना?"

सगळ्या बायकांच्या माना खाली. पस्तीस वर्षं चिखल वाहिलेल्या बायका, आणि त्यांना वाटतंय आपण हरलो. माझ्या पिशवीत तुझी पहिली वही होती. तू गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी शबानानं दिली होती, "आम्मीची आठवण म्हणून ठेवा." मी ती रोज उघडत होते. आमच्या गावाचं पान पाहिलं की मिटत होते. पण आदल्या आठवड्यात पुढची पानं चाळली आणि बघते तर काय, त्याच आठवड्यात तू निडीलाही गेली होतीस! स्टेशनजवळची विहीर. थेंब तीन. साबणाचा फेस भरपूर. खाऱ्या पाण्याला साबण फेसत नाही, म्हणून तू तेही बघून लिहायचीस. आमच्या पानावर काय? थेंब तीन, फेस भरपूर. खारेपाटातल्या दुसऱ्या कुठल्याच पाण्याला फेस नाही. दोन पानं पस्तीस वर्षं एकाच वहीत झोपली होती. ती शेजारी शेजारी ठेवावीत असं तुला का वाटेल? माणसावर विश्वास ठेवायची तुझी वाईट सवय.

मी उठले. म्हटलं, "तो पहिला आकडा काढून टाका. ते पाणी तळ्याचं नव्हतं. माझ्या माहेरचं होतं. बाटली मी भरली."

मग बेबी सावकाश वळली.

"म्हंजे इतकी वरसा आमी चिखल उपसला तो तुज्या म्हायेरच्या पान्याची बराबरी कराला?"

"व्हय."

"आनि त्या उन्हाल्यात मी टँकरमागं पललू ते?"

"ते पण माझ्यामुळेच."

"आनि तू दारात उबी राहून माजा हंडा उतरवायचीस, तवा मला वाटायचा, जाऊ किती मायेची!"

पहिली कोण हसली ते माहीत नाही. पण मग सगळी सभा हसली, पुरुषही हसले, बेबी हसता हसता माझ्या पाठीत एक रट्टा घालून पुन्हा हसली. तो रट्टा अजून दुखतो, आणि तो माझ्या हक्काचा आहे.

नितीन हसला नाही. "आजी, मॅडम गेल्यावर सांगताय. पुरावा काय?" मी वही पुढे केली. त्यानं दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली. तक्त्यातल्या पहिल्या आकड्यावर त्यानं बोट ठेवलं आणि भिंतीवर त्या बोटाची सावली पडली. तीन झाकला गेला. राहिलं ते बावन्नापासून अठरापर्यंत उतरत आलेलं. एवढंच करायचं होतं गो. एक बोट ठेवायचं होतं.

तो म्हणाला, "ठीक हाय. अमावस्येचं उधान जाऊ दे. मग सगळ्यांसमोर मोजू. वीसच्या आत आला तर तला राहील, शेडला दुसरी जागा बघू. वर गेला तर बुजवायचा." सभेनं हात वर केले.

परवा मोजलं. शबाना रोह्याहून तुझा ड्रॉपर घेऊन आली. तुझ्यासारखीच साडी खोचून ती पाण्यात उतरली, आणि मी दुसरीकडे बघितलं. गाव सगळं काठावर. बेबी माझ्या शेजारी उभी, म्हणाली, "आज तरी हीच बाटली हाय ना, का पिशवीत दुसरी हाय?" मी ओंजळ भरली, घोळवली, थुंकले. गिळलं नाही. आकडा सांगितला, "चौदा."

शबाना मोजत होती. दहा. अकरा. बारा. नितीन ओणवा होऊन पेल्याकडे बघत होता. तेरा. चौदा. पिवळंच. मी डोळे मिटले. पंधरा, पिवळंच. बेबीनं माझं मनगट धरलं.

सोळा. विटकरी.

मी दोन थेंबांनी चुकले, हे आधी तुला सांगते, कारण जिंकलीस तूच. तळं राहिलं. नितीननं स्वतः ते मोठ्यांदा सांगितलं आणि मग मला हळूच विचारलं, "आजी, पुढल्या वैशाखात आमी पन जीभ लावायची काय?" मी म्हटलं, "लाव, पण गिळू नको."

तुझ्या कबरीवर पाणी शिंपडतात तुझी मुलं. म्हणून शबानाजवळ एक बाटली दिलीय. काचेची, चिकटपट्टी लावलेली, वर आमच्या गावाचं नाव. तीनदा विसळलीय, काठोकाठ भरलीय, बूच घट्ट आहे.

तळ्याचंच आहे, खैरून. पायरीवरून वाकून स्वतः भरलंय, बेबी साक्षीला उभी होती. विश्वास बसत नसेल तर थेंब टाकून बघ. सोळा येतील.